कर्करुग्णांची संस्था पेटंटच्या कज्ज्यात कशाला पडली?

प्रश्न : मुंबईतल्या कर्करुग्णांच्या एका संस्थेने एका बड्या परदेशी औषध कंपनीच्या पेटंटला हरकत घेतली आणि ती थेट सर्वोच्च न्यायालयात टिकली, असे वाचनात आले. अशा संस्था म्हणजे फळे-बिस्किटे वाटणाऱ्या, फार तर औषधाला पैसे देणाऱ्या, असा माझा समज होता. त्या पेटंटच्या भानगडीत कशाला पडल्या? आणि त्यातून रुग्णांच्या पदरात नेमके काय पडले?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुम्ही वाचलेत ते ‘ग्लिव्हेक’ नावाच्या गोळीचे प्रकरण. संस्था मुंबईची ‘कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन’, कंपनी स्वित्झर्लंडची नोव्हार्टिस आणि निकालाची तारीख १ एप्रिल २०१३. मदतकार्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंतचा हा रस्ता वाटतो तितका आडवळणाचा नाही. तो कळायला आधी तो आजार आणि मग संस्थेची जमाखर्चाची वही पाहावी लागते.

आजार आहे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. रुग्ण त्याला सीएमएल म्हणतात. हा रक्ताचा कर्करोग. अस्थिमज्जेतल्या एखाद्या पेशीत ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांचे तुकडे निखळतात आणि एकमेकांच्या जागी जाऊन चिकटतात. आखूड झालेले २२ वे गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले, म्हणून त्याला त्या शहराचे नाव मिळाले. या अदलाबदलीतून एक बिघडलेले प्रथिन जन्माला येते आणि पांढऱ्या पेशींना वाढत राहण्याचा हुकूम ते अखंड सोडत राहते. इमॅटिनिब हे रसायन नेमके त्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते आणि हुकूम थांबतो. अमेरिकेत डॉ. ब्रायन ड्रुकर यांनी रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या आणि मे २००१ मध्ये तिथे या औषधाला मान्यता मिळाली. त्याचेच बाजारातले नाव ग्लिव्हेक.

त्याआधी रुग्णापुढे पर्याय होते ते इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचे, नाहीतर जुळणारा दाता मिळालाच तर अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाचे. औषधाविना हा आजार साधारण तीन ते पाच वर्षे दबा धरून बसतो आणि मग उसळतो. एकदा उसळला की आवरत नाही. ग्लिव्हेकने हे सगळे पालटले. रोज ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणाबरोबर आणि मोठा ग्लास भरून पाण्यासोबत. गोळी चालू असलेला माणूस नोकरी करतो, शेत बघतो, मुलांची लग्ने लावतो. अट एकच, गोळी चुकवायची नाही. बहुतेकांना ती वर्षानुवर्षे, कित्येकांना जन्मभर घ्यावी लागते. म्हणजे ऑपरेशनसारखा एकदाच सोसून मोकळे व्हावे असा हा खर्च नव्हे. किराण्यासारखा तो दर महिन्याला उभा राहतो.

आणि खटल्याच्या काळात महिन्याचा खर्च किती होता? नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा सुमारे १,२०,००० रुपये. नॅटको, सिप्ला, हेटेरो अशा भारतीय कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाचा ८,००० ते १०,००० रुपये.

आता संस्थेची वही उघडा. वाय. के. सप्रू यांनी १९६९ मध्ये ही संस्था सुरू केली. देणगीदारांकडून पैसा उभा करायचा आणि ज्यांना उपचार झेपत नाहीत त्यांच्या औषधाचा भार उचलायचा, हे तिच्या कामातले मोठे काम. १,२०,००० रुपयांची देणगी आली, तर कंपनीच्या दराने तिच्यात एका रुग्णाचा एक महिना निघतो. भारतीय गोळ्यांच्या दराने १२ ते १५ रुग्णांचा. देणगीदार तेवढेच, रुग्ण वाढते. अशा वेळी औषधाची किंमत कोण ठरवतो, कशाच्या जोरावर ठरवतो, हा प्रश्न संस्थेने विचारला नसता तर तिच्याच दानाचे मोल बारा-पंधरा पटीने घटले असते. पेटंटची भानगड संस्थेने ओढवून घेतली नाही, ती तिच्या वहीत आपल्या पायांनी आली.

यातला कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो. १९७० च्या पेटंट कायद्यात औषध बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे, खुद्द औषधाला नाही. त्यामुळे आपल्या कंपन्या वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवून स्वस्तात विकू शकत. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे १ जानेवारी २००५ पासून औषधालाही पेटंट द्यायचे ठरले. मधल्या काळात आलेले अर्ज नुसते दाखल करून ठेवायचे आणि २००५ नंतर तपासायचे, अशी सोय होती. नोव्हार्टिसचा १९९८ चा अर्ज असाच पडून होता. त्याच्या आधारे नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीला या औषधाच्या विक्रीचा एकाधिकार मिळाला आणि मद्रास उच्च न्यायालयाच्या मनाई हुकुमाने काही भारतीय कंपन्यांना उत्पादन थांबवावे लागले. दहा हजारांची गोळी बाजारातून गेली तर काय होईल, याची चुणूक रुग्णांना तेव्हाच मिळाली.

२००५ मध्ये कायदा बदलताना संसदेने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कलम ३(ड). आधीच माहीत असलेल्या पदार्थाचे नुसते नवे रूप काढले आणि त्याने गुण वाढला नाही, तर तो शोध मानायचा नाही. दुसरी, पेटंट मंजूर होण्याआधी कोणालाही लेखी हरकत घेण्याची मुभा ठेवली. हरकत घेणारा त्या धंद्यातलाच असावा, त्याचा व्यापारी तोटा होत असावा, अशी अट नव्हती. याच मुभेचा आधार घेऊन रुग्णांची संस्था चेन्नईच्या पेटंट कार्यालयात हजर झाली. भारतीय कंपन्यांच्याही हरकती होत्याच. फरक एवढाच की कंपन्यांना औषध विकायचे होते आणि या संस्थेच्या माणसांना ते गिळायचे होते.

वाद कशावर होता, तेही पाहण्याजोगे आहे. इमॅटिनिबचे मूळ पेटंट कंपनीने १९९० च्या दशकात परदेशात घेतले होते. तेव्हा भारतात औषधाला पेटंटच नव्हते. म्हणून भारतातला अर्ज होता तो इमॅटिनिब मेसिलेट या त्याच्या क्षाराच्या एका खास स्फटिकरूपाचा, ‘बीटा’ रूपाचा. आधीच्या ‘आल्फा’ रूपाचे स्फटिक सुईसारखे असतात आणि हवेतला ओलावा ओढतात. बीटा रूपाची भुकटी नीट ओघळते, जास्त टिकाऊ असते आणि ओलावा कमी धरते. गोळ्या पाडणाऱ्या कारखान्याला याचे महत्त्व मोठे, यात वाद नाही. पण रुग्णाच्या रक्तात गेल्यावर काम करते ते इमॅटिनिबच. रक्तात उतरणारे औषधाचे प्रमाण ३० टक्क्यांनी वाढते, असा कंपनीचा दावा होता. त्यावर न्यायालयाने विचारले, त्याने आजार जास्त बरा होतो का, ते दाखवा. तसे दाखवता आले नाही.

निकाल एका दिवसात लागला नाही. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनीने कलम ३(ड) लाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. ते ऑगस्ट २००७ मध्ये फेटाळले गेले. २००९ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळानेही पेटंट नाकारले. मग सर्वोच्च न्यायालय. तिथे संस्थेची बाजू ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे ज्येष्ठ वकील आनंद ग्रोव्हर यांनी मांडली आणि न्यायमूर्ती आफताब आलम व न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने कंपनीचे अपील फेटाळले. औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याची ताकद, हे त्या निकालाने पक्के केले.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. हेच पेटंट जवळपास ४० देशांत मिळाले आहे. संशोधनाचा खर्च निघाला नाही तर नवी औषधे निघणार कशी. शिवाय भारतात आमची गोळी घेणाऱ्या बहुतेकांना आम्ही ती फुकट देतो, असे तिचे म्हणणे होते. ते शेवटचे खोटे नव्हते. मोफत वाटपाच्या त्या योजनेने हजारो भारतीयांना जगवले. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. उत्पन्नाच्या अटीत न बसणाऱ्या मध्यमवर्गीयाने काय करायचे, आणि उद्या योजना गुंडाळली तर कुणाकडे दाद मागायची, याचे उत्तर त्या फुकट गोळीत नव्हते. दुकानात परवडेल अशा किमतीला मिळणारी गोळी आणि कृपेने मिळणारी गोळी यांत रुग्णाला पहिलीचाच भरवसा वाटतो.

पदरात काय पडले, असे विचारलेत. स्वस्त गोळ्या बाजारात राहिल्या आणि स्पर्धेने आणखी स्वस्त झाल्या. इमॅटिनिब राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि त्याची कमाल किंमत सरकार ठरवते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ते आपल्या यादीत घेतले. मात्र या निकालाने भारतात औषधांची पेटंटे बंद झाली, हा समज चुकीचा. खरोखर नव्या औषधाला आजही पेटंट मिळते आणि त्याची किंमतही तशीच असते.

एक हिशेब मात्र मनात ठेवा. हरकतीपासून अंतिम निकालापर्यंत सात वर्षांहून जास्त काळ गेला. औषधाविना हा आजार शांत राहतो तीन ते पाच वर्षे. म्हणजे २००६ मध्ये गोळी न परवडणारा एखादा रुग्ण एकटा कोर्टात गेला असता, तर निकाल ऐकायला तो बहुधा उरला नसता. रुग्णाकडे पैसा कमी असतो हे आपल्याला दिसते, पण त्याच्याकडे वेळही कमी असतो हे लक्षात येत नाही. तारखांमागून तारखा सोसायला माणसापेक्षा जास्त आयुष्य असलेले कोणीतरी लागते. रुग्णांच्या संस्थेचा सगळ्यात मोठा उपयोग हा.

प्रश्न : मग एखाद्या रुग्णाने एकट्यानेच अशी हरकत घ्यायची ठरवली, तर ती चालते का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कायद्याने चालते. पेटंट मंजूर होण्यापूर्वीची हरकत ‘फॉर्म ७(अ)’ वर घेतली जाते आणि ती कोणीही घेऊ शकतो. पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. पूर्वी तिला शुल्क नव्हते. २०२४ च्या नव्या नियमांनी ते लागू केले आणि हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी तपासण्याची तरतूदही आणली. दुसरे, ‘औषध महाग आहे’ एवढे म्हणून भागत नाही. या औषधात नवे काहीच नाही, हे रसायनशास्त्राच्या आधाराने दाखवावे लागते.

व्यक्तींनी हे करून दाखवल्याचे उदाहरण क्षयरोगातले आहे. मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघी क्षयातून उठल्या; पण जुन्या औषधांच्या दुष्परिणामांनी दोघींचीही ऐकण्याची शक्ती गेली. कमी घातक असलेल्या बेडाक्विलिन या गोळीवरची मक्तेदारी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला एका क्षाराच्या पेटंटद्वारे २०२७ पर्यंत लांबवायची होती. या दोघींनी २०१९ मध्ये हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. मात्र त्यांच्या पाठीशी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारखी संघटना होती, आणि दोघी आजारातून बऱ्या झालेल्या होत्या. चार वर्षे थांबणे त्यांना शक्य होते.

याच्या उलट उदाहरण केरळचे. स्तनाच्या कर्करोगावरचे रायबोसायक्लिब हे औषध परवडत नाही, सरकारने सक्तीचा परवाना देऊन ते इतर कंपन्यांना बनवू द्यावे, अशी मागणी घेऊन २०२२ मध्ये एक रुग्ण केरळ उच्च न्यायालयात गेली. सुनावणी सुरू असतानाच तिचा मृत्यू झाला आणि न्यायालयाने ते प्रकरण स्वतःहून पुढे चालू ठेवले. सक्तीचा परवाना ही आपल्याकडे दुर्मीळ चीज आहे. मार्च २०१२ मध्ये मुंबईतून पेटंट नियंत्रकांनी नॅटकोला तो दिला, तेव्हा मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरच्या सोराफेनिबचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आला. पण तो परवाना मागणारी कंपनी होती, रुग्ण नव्हता.

तेव्हा सल्ला असा की हरकत जरूर घ्या, पण कागद करण्याआधी एखादी संस्था आणि वकील बरोबर घ्या.

प्रश्न : कोर्टकचेरी मोठ्यांनी करावी. आमच्या घरात नुकतेच निदान झाले आहे. टाटाला न्या, असे सगळे सांगतात. पैसे, राहणे, प्रवास, सगळ्याचीच चिंता आहे. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : सुरुवात कागदांपासून करा. बायोप्सीचा अहवाल, शक्य असेल तर त्याच्या काचपट्ट्या आणि ठोकळे, स्कॅन, शिधापत्रिका, आधार, सगळे एका फाइलमध्ये घाला आणि प्रत्येकाच्या दोन-दोन झेरॉक्स काढा. पुढे जिथे जाल तिथे हीच फाइल मागतील.

मग जिल्ह्याजवळ काय होऊ शकते ते पाहा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. त्यात शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन बसते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. पैसे भरण्याआधी त्याला गाठा, कारण आधी भरलेले पैसे परत मिळवणे जिकिरीचे असते. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. लातूरहून ते मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. देशातली कर्करोग रुग्णालये राष्ट्रीय कर्करोग ग्रिडने एकमेकांना जोडली आहेत आणि उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे त्यांनी सामाईक ठेवली आहेत. महिनोन्महिने चालणाऱ्या केमोसाठी दर वेळी मुंबईत परळचे टाटा रुग्णालय गाठायलाच हवे असे नाही. टाटात मत घ्या आणि ‘हेच उपचार आम्हाला घराजवळ कुठे मिळतील?’ हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मुंबईला जावेच लागले तर रेल्वेची सवलत घ्या. रुग्णालयाने रेल्वेच्या नमुन्यात दिलेला दाखला दाखवला की कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे तिकीट पूर्ण माफ असते. सोबत्याला त्यात ७५ टक्के सूट मिळते. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणे आहेत. लहान मूल आजारी असेल तर २००६ पासून काम करणारी ‘सेंट ज्यूड’ची केंद्रे कुटुंबाला विनामूल्य ठेवून घेतात. जागा लगेच मिळेलच असे नाही, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्या.

रुग्णालयात पोहोचलात की वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. पंतप्रधान मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी, विश्वस्त निधी यांचे अर्ज तिथूनच मार्गी लागतात. बाहेर गेटपाशी ‘काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. औषधाच्या दुकानात छापील किमतीवर विश्वास टाकू नका. कर्करोगाच्या औषधांत छापील आणि घाऊक किमतीतली दरी इतकी मोठी होती, की २०१९ मध्ये सरकारला अशा ४२ औषधांच्या विक्रीतला नफा ३० टक्क्यांवर बांधावा लागला. डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून मागा, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा, रुग्णालयाच्या दुकानात आधी पाहा.

आणि बोलायला माणूस शोधा. डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात, नातेवाइकांकडे धीर असतो, पण केस गेल्यावर काय वाटते, तोंड आल्यावर काय गिळता येते, हे यातून गेलेल्यालाच ठाऊक. स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ सुरू केली ती याच कामासाठी. १९५१ साली स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर सोसायटीचा ‘उगम’ हा गट लहानपणी कर्करोग होऊन गेलेल्या तरुणांचा आहे. नोकरीच्या मुलाखतीत किंवा लग्न ठरवताना हा आजार सांगावा की नाही, अशा प्रश्नांवर त्यांच्याइतके अनुभवी सल्लागार दुसरीकडे मिळायचे नाहीत.

उपचार पूर्ण झाले, तब्येत सावरली, की अशाच एखाद्या संस्थेत आठवड्यातले दोन तास द्या. अर्ज भरून देणे, फाइल लावून देणे, गावाकडून आलेल्याला खिडकी दाखवणे, एवढे पुरे आहे. मोठे खटलेही शेवटी अशाच संस्थांच्या बळावर चालतात, आणि अशा संस्था चालवायला लागतो तो वेळ. आजारी माणसापाशी तो नसतो, बऱ्या झालेल्यापाशी असतो.